बुटाची डायल ‘गेली’ म्हणण्याआधी

सायकलच्या बऱ्याच बुटांना नाडीऐवजी बारीक तार असते, आणि ती आवळायची गोल चकती म्हणजे डायल. पावसाळा सरत आला की आमच्या सायकलच्या ग्रुपवर एक ठरलेला निरोप पडतो: “डायल गेली रे, नवी कुठे मिळेल?” सोबत फोटो. चिखलाने माखलेला बूट, डायल वर उचललेली, तार एका बाजूने लोंबकळतेय. मी हौसेने असे बूट दुरुस्त करून देतो. दुकान नाही, स्वयंपाकघरातलं टेबल आहे आणि त्यावरून घरात ऐकावी लागणारी बोलणी आहेत. ‘गेली’ म्हणून माझ्याकडे आलेल्या बहुतेक बुटांत डायल धडधाकट निघते. तिच्यात माती अडकलेली असते, तार झिजलेली असते, नाहीतर तार ज्यातून फिरते ते गाइड फाटलेलं असतं. त्यामुळे मी बूट हातात आला की डायलकडे शेवटी बघतो. आधी तार, मग गाइड, मग डायल. पुढचं सगळं याच क्रमाने.

आत काय चाललेलं असतं

फ्रीव्हील उघडणाऱ्या कुठल्याही मिस्त्रीला विचारा, आतल्या त्या छोट्या तुकड्यांना तो ‘कुत्रे’ म्हणतो. पेडल मारायचं थांबवलं की हे कुत्रे दातांवरून टिकटिक करत घसरतात; पेडल मारलं की दातांत चावा घेतात. बुटाच्या डायलमध्ये हाच खेळ आहे, फक्त नखाएवढ्या जागेत. डायलच्या पोटात एक छोटं रीळ असतं, पतंगाच्या फिरकीसारखं. डायल फिरवली की तार रिळावर गुंडाळली जाते आणि खटका, म्हणजे इथला कुत्रा, दातांवरून टिकटिक पुढे सरकतो. पायाचा जोर तारेला मागे ओढू लागला की खटका दातात रुततो आणि रीळ थांबतं.

एवढं डोक्यात असलं की निम्मं निदान आपोआप होतं. दातांच्या फटीत रेती बसली की खटका पूर्ण खाली उतरत नाही आणि जोर आला की निसटतो. फिरकीवर मांजा ढिला गुंडाळला की गुंता होतो, तसाच रिळावर तारेचा होतो. आणि तार वाटेत कुठे अडकली असेल तर डायल कितीही चांगली असली तरी बूट एका बाजूलाच आवळतो.

तारेचे दोन प्रकार दिसतात. एक स्टेनलेस स्टीलच्या बारीक धाग्यांची, वर नायलॉनचं वेष्टण असलेली. दुसरी विणलेली, दोरीसारखी मऊ. या लेखात मी दोन्हींना तारच म्हणतोय.

ही कल्पना सायकलवाल्यांसाठी जन्मली नव्हती. वैद्यकीय उपकरणांच्या धंद्यातून आलेल्या गॅरी हॅमरस्लॅग यांनी २००१ साली अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या स्टीमबोट स्प्रिंग्जमध्ये, बोआ ही कंपनी काढली ती स्नोबोर्डच्या बुटांसाठी. बर्फात हातमोजे घालून नाडी बांधणं म्हणजे शिक्षाच. त्यावर हा उपाय. सायकलच्या बुटांत डायल नंतर आली. तिच्या घडणीत बर्फाचा विचार आहे, आपल्याकडच्या काळ्या मातीचा नाही. म्हणून आपल्याला थोडे जास्त कष्ट पडतात.

तुमच्या बुटावर कोणती डायल आहे

डायलवर किंवा तिच्या कडेला नाव असतं, ते आधी वाचा. कारण एकीला चालणारी सवय दुसरीला मोडते.

बोआची एल६ सगळ्यात जास्त दिसते. दाबली की गुंतते, पुढे फिरवली की आवळते, वर ओढली की तार एकदम पूर्ण सुटते. तिला एक-दोन खटके, म्हणजे एक-दोन टिकटिकीइतकं, सैल करण्याची सोयच नाही. तरी लोक ती जोर लावून उलटी फिरवतात. तसं करू नका. दात झिजवण्याचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. बोआच्याच आयपी१ आणि एलआय२ या डायली दोन्ही दिशांनी चालतात: पुढे फिरवली की घट्ट, मागे फिरवली की खटक्याखटक्याने सैल, वर ओढली की पूर्ण मोकळी.

इटलीच्या सिडी या बूट कंपनीची टेक्नो-३ पुश वेगळ्या घडणीची आहे. मधली कळ दाबली की पकडायचा दांडा वर येतो, तो फिरवून आवळायचं. बाजूच्या दोन छोट्या कळा एकदम दाबल्या की धागा सुटतो. नॉर्थवेव्ह कंपनीच्या एसएलडब्ल्यू२ डायलला सैल करण्यासाठी स्वतंत्र कळ आहे. अटॉप ही तैवानची कंपनी. तिच्या डायल मधल्या किमतीच्या बऱ्याच बुटांवर दिसतात. आणि शेवटी आहेत डायलवर काहीच नाव नसलेले स्वस्त बूट. ते वाईटच असतात असं नाही, पण त्यांची तार किंवा डायल सुटी मिळणं कठीण. घेताना दुकानदाराला सरळ विचारावं: “तार तुटली तर तुम्ही देणार का?” उत्तरादाखल तो नुसता हसला, तर त्या हसण्याची किंमत बुटाच्या किमतीत धरावी.

डावी-उजवीही सांभाळा. बहुतेक डायली पायाच्या बोटांच्या दिशेला, म्हणजे पुढे फिरवून आवळायच्या असतात. त्यामुळे उजव्या बुटाची घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते आणि डाव्याची उलट. सुटा भाग मागवताना कोणत्या पायाचा हवा हे सांगावं लागतं ते यामुळेच.

धुणं

तेल घालू नका. हे आधी सांगतो, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. एका पावसाळ्यात डायल जड फिरायला लागली, आणि साखळीला तेल देणारा हात आपसूक फवाऱ्याच्या डब्याकडे गेला. त्या संध्याकाळी डायल लोण्यासारखी फिरली. पुढच्या रविवारी घाटात रस्त्याचं काम चालू होतं. तिथली धूळ त्या तेलाला चिकटली आणि आत धार लावायच्या दगडासारखी लुगदी तयार झाली. ग्रीस, सिलिकॉनचा फवारा, खोबरेल, शिलाई मशीनचं तेल, सगळ्यांची तीच गत. या डायली कोरड्याच चालायच्या असतात. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर हेही नको. प्लास्टिक ठिसूळ होतं आणि तारेचं वेष्टण खराब होतं.

लागतं ते एवढंच: जुना मऊ टूथब्रश, हाताला सोसेल इतकं कोमट पाणी, भांडी घासायच्या द्रवसाबणाचे दोन-चार थेंब आणि सुती फडकं.

आधी सोल आणि क्लीटमधली (सोलखालचा, पेडलमध्ये अडकणारा तुकडा) माती काढा. नाहीतर वर डायल धुताना खालची रेती उडून परत तिच्यातच जाते. माती सुकली असेल तर आधी कोरडीच झाडा. आपल्याकडची काळी माती ओली असताना चिकटते आणि सुकली की विटेसारखी होते. ती ब्रशने खरवडण्याऐवजी ओलं फडकं दहा मिनिटं ठेवून मऊ होऊ द्यावी. कोकणातली लाल माती तितकी चिकट नसते, पण बारीक आणि खरखरीत असते. ती डायलच्या कडेच्या फटीतून आत शिरते आणि दात घासते.

मग डायल मोकळी करा आणि बुटाची जीभ पुढे ओढून तार जितकी बाहेर येईल तितकी येऊ द्या. रिळावर गुंडाळलेल्या तारेच्या थरांत अडकलेली रेती तार आत असताना निघत नाही. आता बूट नळाच्या बारीक धारेखाली धरा आणि डायल दाबा, दोन खटके फिरवा, वर ओढा, परत दाबा. असं आठ-दहा वेळा. पाणी आधी गढूळ येईल, मग स्वच्छ. डायलच्या कडेला ब्रश गोल फिरवा. प्रत्येक गाइडमधून तार मागेपुढे सरकवत आतही ब्रश लावा; कापडी गाइडच्या दुमडीत माती लपते. शेवटी साध्या पाण्याने साबण पूर्ण काढा.

गाड्या धुणाऱ्या सेंटरवरचा दाबाचा फवारा बुटावर मारू नका. तो माती बाहेर काढण्यापेक्षा आत ठोकतो. वॉशिंग मशीनही नको.

वाळवताना इनसोल बाहेर काढा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरा, तासाभराने बदला, पंख्याखाली ठेवा. कडक उन्हात किंवा मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका; डायलचं बूड, म्हणजे ती बुटावर ज्यात बसते तो भाग, ज्या गोंदाने बसवलेलं असतं तो गोंद उष्णतेने सुटू शकतो. डायल मोकळी ठेवूनच वाळवा म्हणजे रिळाच्या आत हवा खेळेल.

किती वेळा? मी पावसात किंवा चिखलात फिरून आलो की त्याच दिवशी, कोरड्या दिवसांत महिन्यातून एकदा. अलिबाग-मुरूडच्या बाजूला समुद्राकाठून आलो असेन तर बूट मळलेला नसला तरी गोड्या पाण्याने डायल आणि तार धुतो. तार स्टेनलेस असली तरी वेष्टण जिथे फाटलेलं असतं तिथे खारं पाणी आत शिरतं.

आवळायची पद्धत

निम्म्या तारा रस्त्यावर झिजत नाहीत, दारात बूट घालताना झिजतात. पाय अर्धवट आत असताना, टाच मागे न टेकवता, डायल गरागरा फिरवायची आणि हाताला कळ लागेपर्यंत फिरवत राहायची. सगळा ताण पहिल्या एक-दोन गाइडवर येतो.

त्याऐवजी तार आधी पूर्ण मोकळी करा. पाय आत घातल्यावर टाच जमिनीवर दोनदा ठोका म्हणजे ती मागे नीट बसेल. जीभ सरळ आहे का, तार तिच्याखाली दुमडली नाही ना, बघा. मग तारेतला ढिलेपणा संपेपर्यंतच डायल फिरवा. उभे राहा, एक-दोन पावलं टाका, पाय बुटात जागा धरतो. आता हवं तितकं आवळा. दोन डायली असतील तर खालची जरा ढिली, वरची घट्ट. चवडा पसरायला जागा हवी आणि टाच मात्र उचलता कामा नये.

लांबच्या सवारीत पाय सुजतात, विशेषतः आपल्या उन्हात. सकाळी सहाला बरोबर वाटलेला बूट अकराला चावतो. पायाची बोटं बधिर झाली की लोक बुटाला शिव्या देतात. आधी एक-दोन खटके सैल करून बघा. एल६वाल्यांना पूर्ण सोडून पुन्हा आवळावं लागतं, आणि ते थांबूनच करावं. चालत्या सायकलवरून खाली वाकून डायलशी खेळताना पडलेला माणूस मी पाहिला आहे. बुटाला काही झालं नाही.

बिघाड ओळखणं

बूट पायात नसताना तीन गोष्टी करा. तार पूर्ण मोकळी करून ती बोटांत धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवा. कुठे खरखर लागते, कुठे बारीक टोचतं, कुठे वेष्टण सुटून आतलं चकाकतं स्टील दिसतं, ते बघा. मग प्रत्येक गाइड मोबाइलच्या टॉर्चखाली तपासा: कापडी असेल तर शिवण, प्लास्टिकचं असेल तर तारेने पाडलेली खाच. शेवटी तारेवर ताण नसताना डायल फिरवून कान द्या. खटक्यांचा आवाज सारखा यायला हवा. मध्येच एखादा गिळलेला असेल तर तिथे घाण आहे किंवा दात गेला आहे.

_फिरते, पण आवळत नाही, आणि टिकटिक ऐकू येत नाही._ ती गुंतलेलीच नाही. खाली दाबा, ‘खट्’ आवाज येईपर्यंत. दाबूनही बसत नसेल तर डायलच्या टोपीखाली खडा अडकलेला असतो. वर सांगितल्याप्रमाणे पाण्याखाली धुवा. बोटात पकडून पिळू नका. तरीही बसली नाही, तरच आतला खटका किंवा स्प्रिंग गेली असं समजा.

_आवळते, पण धरत नाही._ इथे घाई करून नवी डायल मागवू नका. बूट घालून नेहमीइतका आवळा आणि तार डायलमध्ये जिथे शिरते तिथे तारेवर पर्मनंट मार्करने बारीक ठिपका द्या. अर्धा तास सायकल चालवा. ठिपका बाहेर सरकलेला दिसला तर डायल खरोखर निसटते आहे: धुवा, आणि धुऊनही तेच झालं तर बदला. ठिपका जागेवरच असेल आणि बूट तरीही सैल वाटत असेल, तर डायलचा दोष नाही. गाइडची शिवण उसवत चालली असेल, बुटाचं कापड ओलं होऊन ताणलं असेल, किंवा सुरुवातीला टाच नीट बसली नव्हती आणि ती आता बसली. हा ठिपका मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला आहे. ‘गेलेल्या’ कितीतरी डायली त्याने वाचवल्या.

_सुटत नाही._ डायल वर ओढली, पण तार येत नाही. आधी तार एखाद्या गाइडच्या कडेला किंवा जिभेच्या शिवणीत अडकली आहे का बघा. नसेल तर रिळावर गुंता आहे. डायल मोकळ्या स्थितीत ठेवून डायलमधून बाहेर येणारी दोन टोकं आळीपाळीने, छोट्या झटक्यांनी, तार ज्या दिशेने बाहेर येते त्याच सरळ रेषेत ओढा. तिरकी ओढलीत तर कडेवर घासून वेष्टण सोललं जाईल. पक्कड वापरू नका, त्याच कारणाने. दोन्ही दिशांनी फिरणाऱ्या डायलीत आणखी एक गंमत होते: तार पूर्ण संपल्यावरही मागे फिरवत राहिलं की ती रिळावर उलट्या बाजूने गुंडाळायला लागते. मग ‘सैल’ करताना बूट आवळतो आणि माणूस चक्रावतो. वर ओढून तार हाताने पूर्ण बाहेर काढा, आणि मगच पुढे फिरवा.

पाय आत असताना असं झालं, तर घाबरून जोर लावू नका. जीभ पुढे ओढत, टाच आधी बाहेर काढून पाय सोडवता येतो का बघा. काहीच जमलं नाही तर तार कापा, दोन गाइडच्या मधोमध, डायलपासून लांब. तार बदलणं सोपं असतं. स्टीलची तार कात्रीने कापली जात नाही, नुसती चेचली जाते. ब्रेकची केबल कापायचा कटर लागतो.

_एका बाजूला घट्ट, दुसऱ्या बाजूला सैल._ तार कुठल्या तरी गाइडमध्ये घासते आहे. ते गाइड शोधा. कापडी लूप उसवला असेल तर कोपऱ्यावर बूट-चप्पल शिवणाऱ्या काकांकडे न्या. जाड नायलॉन दोऱ्याचे चार टाके पुरतात. एवढं मात्र सांगा की तार टाक्यात येऊ देऊ नका आणि डायलच्या आसपास सोल्यूशन लावू नका. प्लास्टिकच्या गाइडमध्ये खोल खाच पडली असेल तर तिथे नवी तारही लवकर तुटेल.

_डायल निखळून हातात आली._ पडल्यावर, किंवा ट्रेलवर सायकल ढकलत चालताना दगडावर आपटल्यावर हे होतं. बऱ्याच डायली बुडातून सुटून येतील अशाच बनवलेल्या असतात. बूड फुटलेलं नसेल तर तार मध्ये चेंगरणार नाही हे बघून दाबून बसवा. बूड म्हणजे बुटाच्या कापडात शिवलेला किंवा चिकटवलेला भाग. त्यालाच तडा गेला असेल तर नवी डायल आणून काही साधणार नाही. तो प्रश्न बूट बनवणाऱ्या कंपनीकडे न्यावा लागतो.

तार बदलणं

वेष्टण सोललं की तार बदलावी, तुटायची वाट बघू नये. स्टीलचा एक धागा तुटून बोटाला टोचू लागला की बाकीच्यांवर ताण वाढतो आणि ते भराभर जातात.

सुटे भाग मागवताना बुटाच्या जिभेच्या आतला कंपनी, मॉडेल आणि मापाचा छापील शिक्का, आणि डायलचा वरून व बाजूने फोटो जवळ ठेवा. तारेची लांबी बुटागणिक आणि मापागणिक वेगळी असते. ‘थोडी लांब असली तर काय बिघडतं’ असं म्हणू नका: जास्तीची तार रिळावर मावत नाही, वर चढते आणि अडकते. आखूड असेल तर बूट पुरेसा उघडत नाही आणि पाय आत जात नाही. बोआच्या डायली आणि तारांना त्या ज्या बुटावर आहेत त्याच्या आयुष्यभराची हमी आहे आणि त्यांच्या संकेतस्थळावरून दुरुस्तीचं किट मागवता येतं. त्यामुळे विकत घेण्याआधी तिकडे विचारणा करा.

काम पंधरा-वीस मिनिटांचं आहे, पहिल्यांदा तासाभराचं. टेबलावर पांढरा पंचा पसरा. एल६चे तुकडे आणि काही डायलींचे स्क्रू तिळाएवढे असतात आणि फरशीवर पडले की सापडत नाहीत.

१. जुनी तार काढण्याआधी तिच्या वाटेचे तीन फोटो काढा: वरून, डावीकडून, उजवीकडून. तार कोणत्या गाइडमध्ये वरून शिरते आणि कोणत्यात खालून, हे नंतर आठवत नाही. दुसरा बूट शेजारी ठेवा, तोच नकाशा. फक्त तो आरशातला आहे, हे विसरू नका.

२. डायल मोकळी करून तार पूर्ण बाहेर ओढा, मधोमध कापा.

३. डायल बुडातून काढा. काही डायलींना कडेला छोटी खाच असते. तिथे किटमधलं अवजार किंवा बारीक चपटा स्क्रूड्रायव्हर घालून हलकेच उचकटायचं. काहींना स्क्रू असतो. काही बुटांत तो आतून शोधावा लागतो. स्क्रूड्रायव्हर घसरला तर बूट फाटतो किंवा अंगठा, म्हणून उचकटताना दुसरा हात पलीकडे धरू नका.

४. रिळातले जुन्या तारेचे तुकडे चिमट्याने काढा. त्यांच्या गाठी कशा बसल्या होत्या ते बघून ठेवा. आतलं रीळ आणि रिकामं बूड कोरड्या ब्रशने झाडा. अशी संधी रोज मिळत नाही.

५. नवी तार फोटोप्रमाणे गाइडमधून ओवा. मधोमध सुरुवात करून दोन्ही बाजू सारख्या ठेवा. नव्या तारेची टोकं कापू नका. ती विणीतून सुटू नयेत म्हणून घट्ट केलेली असतात आणि कापली की भोकात जात नाहीत.

६. दोन्ही टोकं बुडाच्या आपापल्या भोकातून आत घ्या. इथे अदलाबदल झाली तर तार डायलच्या तोंडाशी एकमेकींवर घासत राहते.

७. टोकं रिळाच्या भोकांत ओवा आणि जुनी जशी होती तशी अडकवा. स्टीलची तार बहुतेक वेळा एका भोकातून बाहेर काढून परत दुसऱ्यात खोचायची असते. विणलेल्या तारेला साधी गाठ. गाठ बारीक आणि रिळाच्या आत गच्च बसली पाहिजे. वर उठलेली गाठ प्रत्येक फेऱ्याला अडते.

८. तार एका हाताने ताणून धरत डायल बुडात बसवा. ‘खट्’ आवाज यायला हवा आणि कडेने फट दिसायला नको. फट दिसली तर तार मध्ये चेंगरली आहे, परत काढा.

९. बूट रिकामा असताना तार हाताने हलकी ताणून धरून पहिले फेरे गुंडाळा. फिरकी भरताना मांजा ताणून धरतात, त्यासारखंच. ढिले फेरे गुंतल्याशिवाय राहत नाहीत. मग चार-पाच वेळा पूर्ण आवळून पूर्ण सोडा, आणि त्यानंतरच पाय घाला.

पहिल्या सवारीनंतर गाठ बसते आणि तार दोन-तीन खटके सैल वाटते. त्यात काळजी करण्यासारखं काही नाही.

रस्त्यात तार तुटली तर

ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल सवारी. ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला २० तास मिळतात. ऐकायला भरपूर वाटतात. एकदा माझी तार तुटली ती १८० व्या किलोमीटरला, रात्री, घाट चढायला लागताना. तिचं वेष्टण सोललेलं मी आठवड्याभरापूर्वी पाहिलं होतं आणि ‘परत आलो की बदलू’ म्हटलं होतं. किट घरीच, टेबलाच्या खणात.

जवळ पंक्चरचं सामान होतं आणि त्यात जुन्या ट्यूबची हातभर पट्टी. ती बुटावरून आणि सोलखालून गुंडाळून गाठ मारली. पहिल्या प्रयत्नात पट्टी क्लीटवरून गेली आणि पेडलमध्ये क्लीट बसेना. सोडून ती क्लीटच्या मागे, पायाच्या कमानीखाली घेतली तेव्हा जमलं. प्लास्टिकचा झिपटायही चालतो: गाइडमधून आरपार ओवून आवळायचा, पण एकदा आवळला की कापल्याशिवाय सुटत नाही, म्हणून दोन-तीन जास्त ठेवावेत. दोन डायलींचा बूट असेल आणि एकच तार तुटली असेल, तर नुसत्या वरच्या डायलवर बरंच अंतर कापता येतं. नुसत्या खालच्यावर नाही, टाच उचलते. तुटलेल्या तारेची टोकं साखळीकडे लोंबकळू देऊ नका. टेपने बुटाला चिकटवा.

उभं राहून पेडल मारताना रबर ताणलं जायचं आणि टाच निघायची, म्हणून राहिलेले १२० किलोमीटर बसूनच काढले. शेवटच्या कंट्रोलवर, म्हणजे तपासणीच्या ठिकाणी, ब्रेव्हे कार्डावर शिक्का मारणाऱ्या मुलाने आधी घड्याळाकडे बघितलं, मग बुटाकडे, आणि विचारलं, “काका, पंक्चर पायाला झालं का?”